कार्लोस आणि कार्मेन घर बघतायत

परवा एका मैत्रिणीकडे वास्तुशांतीला गेले होते. सेंट्रल न्यू जर्सीतली नवीन डेव्हलपमेंट, समोरचं लॉन अजून नीट धरलेलं नाही, झाडं इतकी लहान की त्यांना काठ्यांचा आधार दिलेला. सकाळी गुरुजी येऊन पूजा करून गेले (होमाच्या वेळी एका उंच माणसानं स्मोक अलार्मखाली उभं राहून टॉवेलनी वारा घालायचा, हा आता इकडे विधीचाच भाग झालाय), मग मसालेभात, अळूवडी, श्रीखंड, आणि मग नेहमीसारखे पुरुष डेकवर मॉर्गेजचे रेट घेऊन बसले आणि आम्ही बायका किचन आयलंडभोवती. कुणीतरी विचारलं, अगं जर्सी सिटीतलं घर किती छान होतं तुमचं, ट्रेनला चालत जाता यायचं, का सोडलंत? ती म्हणाली, "छानच होतं गं, पण मुलं मोठी होतायत ना, शाळेचं बघायला लागतं. आणि खरं सांगू का, तिकडचा क्राउड बदलत चालला होता." एवढंच. कुठला क्राउड, कशाचा काय झाला, कुणीही विचारलं नाही कारण सगळ्यांना कळलं होतं. एकीनं श्रीखंडाचा चमचा चाटत "हो ना" म्हटलं आणि गाडी क्वार्ट्झ चांगलं की ग्रॅनाइट यावर गेली.

संध्याकाळी सगळे खाली बेसमेंटमध्ये. नवीन कार्पेटचा तो गोंदासारखा वास, कोपऱ्यात न उघडलेले खोके, आणि घरातल्या कॉलेजच्या पोरानं स्पीकरवर सत्तरच्या दशकातल्या डिस्कोची कुठलीतरी तयार प्लेलिस्ट लावून दिलेली. दोनचार ओळखीची गाणी झाली, पैठण्या खोचून झाल्या, आणि मग ते वाजायला लागलं. मला पहिल्या काही सेकंदांतच कळलं कोणतं आहे ते, कारण हे गाणं मला न्यू यॉर्कमधल्या विद्यार्थीदशेपासून माहीत आहे, भाड्याच्या खोलीत रूममेटच्या म्युझिक सिस्टिमवर आम्ही ते भांडी घासताना लावायचो. मशीन नावाचा बँड, १९७९ साल, गाण्याचं नाव 'देअर बट फॉर द ग्रेस ऑफ गॉड गो आय'. आणि त्यात एक जोडपं म्हणतं की आपण आता इथून लांब कुठेतरी जाऊया, जिथे काळे नाहीत, ज्यू नाहीत, गे नाहीत.

सगळे हात वर करून नाचत होते. मीसुद्धा.

घरी येताना टर्नपाइकवर नवरा गाडी चालवत होता, मागे लेक कानात इअरफोन घालून झोपलेली, आणि माझ्या डोक्यात "क्राउड बदलत चालला होता" आणि ती ओळ अशा दोन्ही गोष्टी एकाच ठेक्यावर फिरत होत्या. मैत्रिणीचा मला राग आला होता का, तर नाही, ती फार चांगली बाई आहे, माझ्या बाळंतपणात हिनंच डिंकाचे लाडू करून पाठवले होते. पण डोक्यातून जाईना.

ज्यांनी गाणं ऐकलं नसेल त्यांच्यासाठी गोष्ट अशी. कार्लोस आणि कार्मेन विदाल यांना न्यू यॉर्कमधल्या ब्रॉंक्समध्ये मुलगी होते. गोड आहे, हसली की ओठ जरा वाकडा होतो. आता ब्रॉंक्स काही पोर वाढवायची जागा नाही, तेव्हा निघायला हवं, कुठे, तर वर सांगितलं तशा ठिकाणी. मग ते घाणेरडे रस्ते सोडून समुद्रापार एका शांत जागी जातात. मुलीला वर्षानुवर्षं हे कर, ते करू नको ऐकत राहावं लागतं. दहा वर्षांची होते, रॉक अँड रोल आवडायला लागतं, बाप घरात बंदी घालतो. पुढे गोळ्या, गांजा, आणि सोळाव्या वर्षी बॅग भरून रस्त्यात भेटलेल्या एका माणसाबरोबर निघून जाते. कार्मेन भिंतीवर डोकं आपटून रडते. पाच मिनिटांत एका कुटुंबाची सोळा वर्षं, आणि खाली ड्रमचा ठोका एकदाही न चुकता. बेस गिटार खालून असा रेटत असतो की तुम्ही खुर्चीवर बसून हे ऐकूच शकत नाही. बाई गाते ती क्लेअर बाथे, आणि गाताना तिला कुणाची दया येतेय असं वाटत नाही, कुणाला झोडपायचंय असंही वाटत नाही, शेजारच्या बिल्डिंगमधलं काहीतरी तिला माहीत आहे आणि ती ते सांगून टाकतेय. आणि मग कोरस येतो, चर्चमधल्या सामूहिक गाण्यासारखा मोठ्ठा, देवाची कृपा म्हणून मी वाचले, नाहीतर माझंही हेच झालं असतं. हे कोण म्हणतंय ते काही ठरत नाही. गाणारी म्हणतेय की कार्लोस-कार्मेन म्हणतायत, की नाचणारे म्हणतायत. मला तर प्रत्येक वेळी वेगळं ऐकू येतं.

लिहिलं ऑगस्ट डार्नेल आणि केविन नान्स यांनी. डार्नेल स्वतः ब्रॉंक्समध्ये वाढलेला, इंग्रजीचा शिक्षक होता, आणि ते कळतं, कारण दोन ओळींत आईबापांची नावं, आडनाव, पत्ता आणि बाळाचं हसू एवढं सगळं बसवणं हे कथा शिकवणाऱ्या माणसाचंच काम. त्याआधी भाऊ स्टोनी ब्राउडर याच्याबरोबर त्याचा डॉक्टर बझर्ड्स ओरिजिनल सव्हाना बँड होता, १९७६ साली त्यांचा पहिला अल्बम आला, चाळीसच्या दशकातल्या बिग बँडची वाद्यं आणि डिस्कोचा ठेका यांचं असं मिश्रण की आज ऐकलं तरी चक्रावायला होतं. केविन नान्स हा मशीनमधला कीबोर्डवाला. आरसीए या मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या छत्राखाली होलोग्राम नावाच्या छोट्या लेबलवर मशीनची रेकॉर्ड निघाली. मुख्य चार्टवर हे गाणं ७७ व्या नंबरपर्यंत जाऊन थांबलं, डिस्कोच्या चार्टवर मात्र पहिल्या दहांत होतं. म्हणजे रेडिओवर फारसं नाही, पण क्लबात जोरात. आणि तेव्हाच्या न्यू यॉर्कच्या क्लबात कोण नाचत होतं? काळे, पोर्टोरिकन, गे. कार्लोस आणि कार्मेनला ज्यांच्यापासून लांब जायचं होतं नेमके तेच लोक, हातात हात घालून, घामानं निथळत, आपल्याच विरुद्धची ओळ तोंडपाठ म्हणत होते. मला नेहमी वाटतं, हे दृश्य बघायला मिळालं असतं तर. त्यांना ती ओळ लागत असेल का, की हसू येत असेल? की दोन्ही, एकाच पावलात?

आपल्याकडे डिस्को म्हणजे अर्थ नसलेलं गाणं असं एक डोक्यात बसलंय. माझ्या लहानपणी गणपतीच्या मांडवात कर्ण्यावर नाझिया हसनचं 'आप जैसा कोई' लागायचं, बिड्डूचं संगीत, 'कुर्बानी' १९८० चा असला तरी आमच्या मंडळात ते पुढे कितीतरी वर्षं वाजत राहिलं, आणि आजी म्हणायची, काय ते एकच एक ढॅण ढॅण, शब्द तरी आहेत का त्याला. अमेरिकेतही हेच म्हणत होते बरं का. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन मॅचच्या मधल्या वेळात डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोट करून उडवला होता, एका रेडिओवाल्याची आयडिया, रेकॉर्ड घेऊन या आणि ९८ सेंटमध्ये आत या. पब्लिक मैदानात घुसलं, मैदान इतकं खराब झालं की व्हाइट सॉक्स या शिकागोच्याच टीमला दुसरी मॅच सोडून द्यावी लागली. घोषणा काय तर डिस्को फालतू आहे, पोकळ आहे. आणि त्याच वर्षी हे गाणं बाजारात. तेव्हाच्या गिटारवाल्या किती बँड्सनी घर शोधणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाच्या मनातली यादी अशी मोठ्यांदा वाचून दाखवली असेल? त्या ढिगात नुसत्या डिस्कोच्या नाहीत तर काळ्या गायकांच्या इतर रेकॉर्ड्सही होत्या असं तिथे असलेल्या लोकांनी नंतर सांगितलंय. म्हणजे राग नक्की ठेक्याचा होता की त्यावर नाचणाऱ्यांचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझं ठरलंय.

पण कार्लोस-कार्मेनला सरळ व्हिलन करता येत नाही, आणि गाणं टिकलं ते त्यामुळेच असं मला वाटतं. ब्रॉंक्स तेव्हा खरंच जळत होतं. शहरातले मोठमोठे रस्ते आखणाऱ्या रॉबर्ट मोझेस या अधिकाऱ्यानं क्रॉस ब्रॉंक्स एक्सप्रेसवे नांदत्या वस्त्यांमधून आरपार काढला होता, हजारो घरं पाडून. ज्यांना जमलं ते निघून गेले, कित्येक जण तर १९६८ पासून सुरू झालेल्या को-ऑप सिटीत, तिथे एका ठिकाणी पंधरा हजारांवर फ्लॅट. मागे राहिलेल्या बिल्डिंगचे मालक दुरुस्ती करेनात, भाडं येईना, काहींनी विम्यासाठी आगी लावल्या, आणि त्याच सुमारास शहराचं दिवाळं निघायला आलेलं म्हणून अग्निशमन केंद्रं बंद केली. १९७० साली ब्रॉंक्सची वस्ती १४ लाख ७० हजारांच्या आसपास होती, १९८० ला ११ लाख ७० हजार. दहा वर्षांत तीन लाख माणसं कमी. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रेसिडेंट कार्टर शार्लट स्ट्रीटवर येऊन विटांच्या ढिगाऱ्यांमध्ये उभे राहिले तो फोटो तुम्ही पाहिला असेल. आता अशा ठिकाणी तुमच्या मांडीवर महिन्याचं बाळ आहे, रात्री धुराचा वास येतोय, तर तुम्ही काय कराल? मी तर त्याच आठवड्यात बॅगा भरल्या असत्या. निघून जाण्यात काहीच पाप नाही. गंमत अशी की आग घरमालकानं लावलेली, अग्निशमन केंद्र शहरानं बंद केलेलं, हायवे मोझेसनं काढलेला, आणि जाताना यादीत नावं कुणाची, तर शेजाऱ्यांची.

बरं, हे दोघं स्वतः कोण? विदाल. स्पॅनिश बोलणारे, कुठल्यातरी बेटावरून आलेल्यांची मुलं किंवा स्वतःच आलेले. जिथे काळे नकोत, ज्यू नकोत, तिथल्या लोकांनी यांना दारात उभं केलं असतं का? डार्नेलनं ही गोष्ट एखाद्या गोऱ्या स्मिथ साहेबाची केली असती तर क्लबात सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या असत्या आणि मोकळे झाले असते. त्यानं ती नुकत्याच शिडीवर चढलेल्यांची केली. आणि नुकतं शिडीवर चढलेलं माणूस म्हणजे, काय सांगू, आपला आरसाच की.

१९८७ साली जर्सी सिटीत एका टोळीचं पत्र स्थानिक पेपरात छापून आलं होतं, आम्ही भारतीयांना इथून हाकलून देणार म्हणून. डॉटबस्टर्स म्हणवून घ्यायचे स्वतःला, आपल्या बायकांच्या कपाळावरच्या कुंकवावरून. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तिशीतल्या माणसाला पोरांनी रस्त्यात मारहाण केली आणि तो त्यात गेला. तेव्हा तिथे राहणारी एक काकू मला सांगायची की संध्याकाळी दुकानातून येताना ती टिकली काढून पर्समध्ये ठेवायची, साडी नेसायचं सोडून दिलं होतं. म्हणजे त्या शहरात कुणाच्यातरी यादीत आपणही होतो. बदलत चाललेला क्राउड म्हणजे आपण. या गोष्टीला चाळीस वर्षंही झाली नाहीत. माझ्या मैत्रिणीला हे माहीत आहे, आम्ही एकदा बोललोय यावर, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तरी किचन आयलंडपाशी ते वाक्य येतंच, आणि त्यात कुठे विसंगती आहे असं तिला वाटत नाही, आणि मी तिथे हातात वाटी घेऊन उभी होते तर मलाही त्या क्षणी ते वाक्य फार सहज वाटलं.

आम्ही घर बघत होतो तेव्हाचं आठवतं. रिअल्टर बाई, म्हणजे घरं दाखवणारी एजंट, अत्यंत सभ्य. तुम्ही कितीही आडून विचारा, या भागात कोण लोक राहतात, ती सांगणारच नाही, कारण घराच्या व्यवहारात वंश-धर्मावरून भेद करायला बंदी घालणारा १९६८ चा फेअर हाउसिंग ॲक्ट, लायसन्स जाईल. मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली त्यानंतर आठवड्याभरात सही झालेला कायदा आहे तो. मग लोक काय करतात तर स्कूल रेटिंग बघतात. दहापैकी नऊ, दहापैकी दहा. आकड्याला कुठलाच रंग नसतो, कुणाला काही वाटायचं कारण नाही, आपण फक्त मुलांच्या शिक्षणाचं बघतोय. नवरा रात्री एक्सेलमध्ये शीट बनवायचा, टाउनशिप, रेटिंग, टॅक्स, स्टेशनचं अंतर, आणि एक कॉलम 'फील' म्हणून. त्यात तो एक ते पाच मार्क द्यायचा. रविवारी दुपारी गाडीतून चक्कर मारायची, पोर्चवर कोण बसलंय, गाड्यांच्या काचा खाली करून कुणी मोठ्यांदा गाणी लावतंय का, पार्कात इडली-डोसावाल्या आज्या फिरतायत का, आणि मग फील. मी तेव्हा त्या कॉलमला हसले होते, पण त्यात काय भरायचं हे मला कधी विचारावं लागलं नाही.

आता आमच्या टाउनशिपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अफोर्डेबल हाउसिंगवरून घमासान चालूय. न्यू जर्सीत राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या १९७५ च्या माउंट लॉरेल निकालापासून प्रत्येक गावानं कमी उत्पन्नवाल्यांच्या घरांसाठी आपला वाटा उचलायचा असा नियम आहे, आणि पन्नास वर्षं गावं त्यातून पळवाटा काढतायत. आमच्याकडे हायवेलगतच्या जागेवर बिल्डिंग होणार म्हटल्यावर मेसेज सुरू. ट्रॅफिक वाढेल, शाळांवर ताण येईल, सांडपाण्याचं काय, हरणांचं काय (वर्षभर हीच मंडळी हरणांनी बागेतली होस्टाची झाडं खाल्ली म्हणून रडत असतात). शेवटी कुणीतरी लिहितं, "वी मूव्हड हिअर फॉर अ रीझन" आणि खाली नमस्काराचे इमोजी. रीझन काय ते लिहीत नाही. आडनावं वाचली तर पटेल, रेड्डी, कुलकर्णी, चेन.

आणि हे काही अमेरिकेत येऊन शिकलो असंही नाही. बाबांनी गिरगावातली चाळ सोडून डोंबिवलीला ब्लॉक घेतला तेव्हा घरात जे बोलणं चालायचं त्यात "आपली माणसं" हा शब्द इतक्यांदा यायचा की मला लहानपणी वाटायचं डोंबिवलीत सगळे आमचे नातेवाईक राहतात. आत्ता मुंबईत माझा मामेभाऊ भाड्याची जागा शोधत होता तर दोन सोसायट्यांनी नाव ऐकून पहिला प्रश्न विचारला, नॉनव्हेज खाता का. हा पठ्ठ्या मालवणी, बांगड्याशिवाय ज्याचा रविवार जात नाही, भयंकर चिडला, आम्हाला आमच्याच मुंबईत घर नाही म्हणून फोनवर अर्धा तास बोलला. सगळं बरोबर होतं त्याचं. मग स्वतःचा जुना फ्लॅट भाड्यानं द्यायची वेळ आली तेव्हा एजंटला सांगितलेलं वाक्य मी ऐकलंय, "फॅमिली पाहिजे, आणि शक्यतो आपल्यातली. पुढचं तुला कळलं ना?" एजंटला कळलं.

तर या गाण्याचं एक प्रकरण आहे जे मला फार उशिरा कळलं आणि तेव्हापासून ते गाणं माझ्यासाठी बदलून गेलं. ती ओळ रेडिओला झेपेना. म्हणून त्याची एक दुसरी आवृत्ती आहे, सौम्य केलेली. त्यात गोळ्या आणि गांजाच्या जागी मुलीचं वजन वाढतं आणि झोप उडते. आणि काळे, ज्यू, गे ही नावं काढून तिथे घातलंय, जिथे फक्त अपर क्लास लोक राहतात. यमकही बसतंय, ठेकाही बसतोय, कुणाला लागायचं कारण नाही. ज्यानं कुणी हा बदल केला त्यानं काम उरकायचं म्हणून केला असेल, पण केवढं बरोबर केलंय! मूळ ओळ कुणी बोलत नाही हो. मी इतक्या वर्षांत एकाही वास्तुशांतीत, एकाही ओपन हाउसमध्ये ती नावं घेताना कुणाला ऐकलेलं नाही. आपण सगळे रेडिओ व्हर्जनच बोलतो. चांगली शाळा, फॅमिली क्राउड, डीसेंट लोक, सेफ एरिया, आपल्यातली माणसं. डार्नेल आणि नान्सनं मूळ गाण्यात उलटं काम केलं होतं, जे सगळे सौम्य करून बोलतात त्याच्या आतलं उघडं करून ठेवलं होतं. रेडिओनं परत झाकलं. मला आता दोन्ही आवृत्त्या एकामागोमाग ऐकायची सवय लागलीय, आणि खरं सांगते, सौम्यवाली जास्त अंगावर येते.

एका बाबतीत मात्र गाण्याशी माझं भांडण आहे. मुलगी बिघडते, पळून जाते, म्हणजे आईबापांना त्यांच्या पापाची शिक्षा. हे जरा कीर्तनकारी झालं. आणि शिक्षा होते कुणाला, तर त्या पोरीलाच, सोळाव्या वर्षी अनोळखी माणसाबरोबर. बंदी बापानं घातली, भिंतीवर डोकं आपटायचं काम मात्र कार्मेनकडे. कार्लोस तेव्हा काय करत होता ते गाणं सांगत नाही, बहुतेक डेकवर असेल. शिवाय प्रत्यक्षात असं होत नाही ना. प्रत्यक्षात यादी करून लांब गेलेल्यांची मुलं छान शिकतात, डॉक्टर होतात, सत्कार होतात त्यांचे. फक्त त्यांना कुणाशीतरी कसं बोलायचं ते कळत नाही, किंवा तेही कळतं आणि मग ती आपल्याशी बोलेनाशी होतात. माझी लेक चौदाची आहे. तिला मी अमुक नको तमुक नको करते तेव्हा गाण्यातली ती करू-नको-करूवाली ओळ डोक्यात वाजून जाते आणि तरीही मी नको म्हणतेच. अति प्रेम हे अजिबात नसण्यापेक्षा वाईट, असं कोरसच्या आधी येतं. ठीक आहे, पण अति म्हणजे किती, हे डिस्कोवाल्यांना विचारून काय उपयोग.

मशीन पुढे फार टिकला नाही. १९७९ चा पहिला अल्बम, १९८० चा दुसरा, त्याचं नाव 'मूव्हिंग ऑन', आणि संपलं. दुसरा मी ऐकलाय, वाजवलंय नीट, पण विदाल कुटुंबासारखं कुणी त्यात भेटत नाही. डिस्कोचं नाव काढलं तरी कंपन्या दचकायच्या असा तो काळ, त्यात अशा बँडला कोण तिसरा अल्बम देणार. डार्नेल मात्र पांढराशुभ्र ढगळ सूट आणि हॅट घालून किड क्रिओल या नावानं स्टेजवर आला, आणि १९८२ साली ब्रिटनमध्ये त्याची तीन गाणी पहिल्या दहांत होती. ब्रॉंक्सच्या पोराला घरच्यांपेक्षा लंडननं जास्त डोक्यावर घेतलं. आणि १९९४ मध्ये हे गाणं परत आलं, हाउस म्युझिक या क्लबातल्या संगीताच्या ठेक्यावर, दोन इंग्रज डीजेंनी केलेलं. त्यांनी आपल्या जोडीला नाव घेतलं होतं फायर आयलंड, न्यू यॉर्कजवळचं ते बेट जिथे गे मंडळी पिढ्यान्पिढ्या उन्हाळ्याला जातायत. ज्यांना यादीत टाकलं होतं त्यांच्या पत्त्यावर गाणं जाऊन राहिलं. हे मला फार आवडतं.

लेकीला गाडीत मी एकदा मूळवालं ऐकवलं. तिनं इअरफोन काढून पूर्ण ऐकलं (हे विशेष), मग म्हणाली, "वेट, आई, दे आर लाइक... ब्राउन, राइट?" मी म्हटलं हो. "अँड दे से दॅट?" हो. ती काही बोलली नाही, फोनमध्ये शोधून लगेच परत लावलं. पुढच्या आठवड्यात कळलं की तिनं आणि तिच्या तीन मैत्रिणींनी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात याच गाण्यावर डान्स बसवायचं ठरवलंय, सत्तरच्या फॅशनच्या बेलबॉटम पँट्स ऑनलाइन मागवल्यासुद्धा. मला आधी हसू आलं, मग पोटात गोळा. कमिटीच्या वहिनींचा फोन आला, आवाज एकदम गोड. "अगं गाणं मस्त आहे, बीट तर एकदम भारी, पण साउंडवाल्यानं सांगितलं त्यात काहीतरी ते... काळे वगैरे आहे म्हणे? स्पॉन्सर असतात गं, आपले टाउनशिपचे मेयरपण येणारेत. याचं क्लीन व्हर्जन नाही का मिळत?"

मिळतं ना वहिनी, म्हटलं मी, आहे एक. पाठवून दिलं. संध्याकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज, हे एकदम चालेल, अपर क्लास वगैरे आहे त्याला कोण काय म्हणणार. शनिवारी दुपारी लायब्ररीच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस आहे, मुलींना वेळेवर सोडा, आणि येताना पाण्याच्या बाटल्यांचं एक खोकं आणा. मुली चिडल्यात. स्टेजवर त्या जागी स्वतःच्या तोंडानं मूळ ओळ म्हणायची असं त्यांचं काहीतरी शिजतंय, मला बघितलं की गप्प होतात. मी अजून वहिनींना काही सांगितलेलं नाही.